संत्र्याच्या वासाची गाठी

आमच्या घरात लहान मुलांना मिळालेला गोड खाऊ लहान मुलांच्या वाट्याला क्वचितच यायचा. होळीच्या दिवशी हे सगळ्यात जास्त जाणवायचं. सकाळपासून जो येईल तो आमच्या गळ्यात गाठी घालायचा. मामा घालायचा, आत्या घालायची, बाबांच्या कचेरीतली मंडळी घालायची, शेजारच्या काकवा घालायच्या. पांढऱ्याशुभ्र साखरेच्या चकत्या, मधून ओवलेला दोरा आणि खाली मोठं पदक. दुपारपर्यंत माझ्या आणि धाकट्या चंदूच्या गळ्यात इतक्या माळा व्हायच्या की मान दुखायला लागायची. घामानं साखर चिकट होऊन फ्रॉकला लागायची, मागोमाग मुंग्या यायच्या. तरी आम्ही त्या काढत नसू, कारण काढल्या की संपलं हे आम्हाला माहीत होतं. संध्याकाळी आई न्हाणीघराच्या दाराशी उभी राहायची आणि अंघोळीला जाताना एकेक माळ उतरवून घ्यायची. "जास्त खाल्ली का जंत होते पोटात," असं म्हणत एकेक चकती हातावर ठेवायची. बाकीचा सगळा ऐवज बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात जायचा, फडकं पत्र्याच्या डब्यात आणि डबा कपाटाच्या डोक्यावर.

आता या उरलेल्या गाठ्यांचं करायचं काय, हा आमच्या नागपूरच्या प्रताप नगरातल्या प्रत्येक घरापुढचा प्रश्न होता. तेव्हा तिथं घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. मधे बाभळी, सकाळ-संध्याकाळ हापशाचा आवाज, आणि पाच-दहा घरांची मिळून एक गल्ली. आईनं तो प्रश्न कधीच सोडवून टाकला होता. फुटलेल्या चकत्या उन्हाळ्याच्या सरबतासाठी. चावलेल्या, चाटलेल्या, म्हणजे उष्ट्या, त्या घरच्या चहात. आणि ज्या माळा अखंड राहिल्या असतील त्या पुढं दुसऱ्यांच्या पोरांच्या गळ्यात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा पंधरवडा गाठ्यांचाच असतो. कोणाकडे बाळाची पहिली होळी, कोणाकडे पाहुण्यांची पोरं आलेली, कोणाला गुढीला लावायला हवी. प्रत्येक वेळी बाजारातून नवी कोण आणतो? आजही माझी सून नातवंडांच्या वाढदिवसाची उरलेली चॉकलेटं पुढ्यात घेऊन बसते आणि विचारते, "आई, यांचं काय करायचं?" मी तिला काही सांगत नाही. सांगितलं तर ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहील.

आई असं करायची, म्हणजे सगळेच असं करत असणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आमच्या घरात शिरणारी प्रत्येक गाठी पाहुणा वळणावर दिसेनासा झाला की तपासली जायची. आधी दोरा. नवा दोरा पांढरा असतो, हाताळलेला मळका. मग चकती बोटांत धरून दाबायची. मग उजेडात धरून रंग पाहायचा. साखर जुनी झाली की पिवळट पडते. आणि शेवटी वास. आमच्याकडे संत्र्याच्या साली वाळवून ट्रंकेत, कपाटात टाकायची पद्धत होती, कपड्यांना कसर लागू नये म्हणून. तेव्हा ज्या गाठीला संत्र्याच्या सालीचा वास आला, ती कोणाच्या तरी ट्रंकेतून आली हे आई डोळे मिटून सांगायची. "हे गेल्या सालची हाये," असा निकाल द्यायची, आणि त्यात एक प्रकारचं समाधान असायचं. एकदा तर तिनं एक माळ नाकाशी धरली आणि म्हणाली, "हे आपलीच हाये. फिरून आली." बाबा हसले नाहीत. त्यांनी ती माळ घेऊन स्वतः हुंगली आणि मान डोलावली.

बाबांचं तर विचारूच नका. ते जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होते आणि जो तो शेजाऱ्याच्या बांधात हातभर सरकतो हे पाहण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. गवळ्यानं दूध घातलं की ते त्यात बोट बुडवून नखावर थेंब धरून पाहायचे. भाजीवालीच्या तराजूखाली वाकून पाहायचे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण शकू, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा कॉलेजच्या बसमध्ये पोरं फार असतात, अशी त्यांना शंका आली आणि ताईचं कॉलेज बंद झालं. तिनं काही केलं नव्हतं, कोणी काही सांगितलंही नव्हतं. नुसती शंका पुरली. ताईनं पुस्तकं जुन्या साडीत बांधून खाटेखाली सरकवली आणि शिवण शिकायला लागली. झाडताना ती ते गाठोडं बाहेर ओढायची, त्याच्याखालचा केर काढायची आणि परत आत लोटायची. मी पाहायचे आणि मला बाबांचा राग यायचा. अजून येतो.

ताईला स्थळ आलं ते काटोलचं. घरची संत्र्याची बाग, नागपूरच्या बाजारात माल पाठवणारी माणसं. मुलाचं नाव मधुकर. पाहायला आला तेव्हा बाकीचे लोक पोह्यांचं कौतुक करत होते आणि यानं ताईला एकच विचारलं, "तुमचं बी.ए. अर्धं राहिलं म्हणते. पुरं कराचं हाये का?" ताईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काटोलातून परीक्षेले बसता येते. माह्या मित्राची बायको बसली." एवढंच बोलणं. पण त्या रात्री ताई खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाली, "नले, मले हे स्थळ पाहिजे." ताईनं काही हवं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

होळीच्या आधी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला. लग्न वैशाखात. साक्षगंध झालेल्या मुलीला पहिल्या होळीला होणाऱ्या सासूनं गाठी घालायची, ही आमच्याकडची रीत. धुळवडीचे रंग उतरले आणि बसगाड्या सुरू झाल्या तशा काटोलच्या बाई, म्हणजे मधुकरची आई, आल्या, सोबत त्यांचे दीर आणि संत्र्याची टोपली. बाई उंच, हाडापेरानं मोठ्या, बोलायला कमी. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. घरभर जायफळाचा आणि तुपाचा वास. जेवणं झाली, ताईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, पातळ दिलं. मग बाईंनी पिशवीतून गाठी काढली, ताईच्या गळ्यात घातली आणि दुसऱ्याच क्षणाला ताईचा पदर ओढून तिच्यावर घातला. आम्हाला ती धड दिसलीसुद्धा नाही. त्यानंतर बाई फार वेळ बसल्या नाहीत. बसची वेळ झाली म्हणाल्या आणि उठल्या. बाबांनी त्यांना वळणापर्यंत पोहोचवलं. परत येऊन त्यांनी दार लावून घेतलं.

"काढ वं ते," आई ताईला म्हणाली.

गाठी पिवळी होती. उजेडात धरायचीही गरज नव्हती. चकत्या एकसारख्या नव्हत्या, एक जाड तर एक पातळ, पदकाचा कोपरा टवका उडालेला. दोरा लालसर. आईनं ती नाकाशी नेली, मग बाबांकडे दिली. बाबांनी हुंगली. मग मलाही हुंगायला दिली, कारण लहान पोरांचं नाक तिखट असतं असं बाबा म्हणायचे. संत्र्याच्या सालीचा वास, चांगला भरभरून.

"ट्रंकेतली," आई म्हणाली. "लेकराइच्या उरल्यासुरल्या चकत्या. एका दोऱ्यात ओवल्या न् आनल्या. म्हनून तर पदर ओढला वरून."

"संत्र्याच्या गावची माणसं," ताई हळूच म्हणाली. "त्याईच्या घरी सगळ्यालेच वास येत असन."

"गाठीले काहून येईन?" बाबा म्हणाले. "गाठी काय झाडाले लागते?"

एकदा ते सुरू झालं आणि मग काहीच चांगलं उरलं नाही. बाबांनी टोपली पालथी केली. वरची संत्री मोठी, खालची लहान. टोपली कोणीही भरली तरी मोठी संत्री वरच ठेवतो, पण त्या संध्याकाळी तो पुरावा होता. आईला साक्षगंधाच्या दिवशी बाईंनी आमच्या घराचं छत निरखून पाहिलेलं आठवलं. पातळाच्या किनारीचा रंग निघतो का म्हणून तिनं ती ओल्या फडक्यानं घासून पाहिली. रंग निघाला नाही. तेव्हा, "पातळ तरी नवं हाये," असं ती म्हणाली, जणू ही त्यांची लबाडीच होती. मला त्या वेळी हे सगळं मोठं रंगतदार वाटत होतं, खोटं का सांगू. मीही टोपलीतली संत्री हुंगत होते. ताई तेवढी भिंतीला टेकून बसली होती, गळ्यावर हात ठेवून, जिथे मघाशी ती गाठी होती.

पुढचे दिवस घरात दोन कामं चालली होती. अंगणात खाटांवर कुरोड्या आणि शेवया वाळत पडायच्या, आणि बैठकीत काटोलचा तपास चालायचा. मी कावळे हाकलायला काठी घेऊन बसायचे आणि दोन्हीकडे लक्ष ठेवायचे. बाबा कचेरीत काटोलकडचं कोणी आलं की त्याला चहा पाजून विचारायचे. माणसं बरी आहेत, असं तो सांगायचा. बाबा घरी येऊन म्हणायचे, "काहीच वाईट नाही म्हनत. म्हंजे काही तरी असन." कर्ज असेल, मुलाचं दुसरीकडे ठरलं असेल, बाईंना मुलगी पसंतच नसेल आणि आपण मोडलं तर त्यांना हवंच असेल. शेवटी त्यांनी ठरवलं. पाडवा झाला की काटोलला जायचं, साक्षगंधाचा नारळ परत करायचा आणि मोकळं व्हायचं. "जे माणसं पयल्या सणाले शिळी गाठी देते," ते म्हणाले, "ते पोरीले पुढं काय देईन?"

ताई त्या वेळी शेवया पलटत होती. ती थांबली नाही. "ती गाठी माही हाये," एवढंच म्हणाली. "मले द्या."

"तुही कशाची?" आई म्हणाली. "कोनाची उष्टावळ हाये कोन जाने. मी ते डोळ्यासमोर नाही ठेवत." आणि खरंच त्याच दुपारी तिनं ती शेजारच्या ढोबळेकाकूंच्या नातवाच्या गळ्यात घालून टाकली. ताई आत जाऊन खाटेवर पडली. मी पायाशी जाऊन बसले, पण तिनं तोंड फिरवलं. तिला असं गप्प पडलेलं पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. आतापर्यंत आम्ही जे पाहत होतो ते संत्री आणि साखर होतं, आणि मोडणार होतं ते ताईचं लग्न.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दारात मधुकर उभा राहिला. संत्र्याच्या ट्रकबरोबर बाजारात आला होता, अंगावर धूळ. बाबा कचेरीत होते. आईनं त्याला ओसरीवर बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दाराआड उभी राहिली, तोंडावर नुसता औपचारिकपणा. त्याला त्यातलं काही कळलं नसावं. पाणी पिऊन तो म्हणाला, "आई उद्या गुढीले येऊन राहिली. तिनं सांगतलं का तिची गाठी गुढीले लावा."

आईनं दार आणखी थोडं उघडलं.

"आमच्याकडं सुनेची गाठी बाजारातून आनत नाही," तो म्हणाला. "घरीच साच्यात ओतते आई. संत्र्याच्या सालीचं पानी टाकते पाकात, आमच्या आजीपासून चालत आलं ते. यंदा पाक जरा जास्त कढला, पिवळी पडली. तिले लय लाज वाटून राहिली होती. आनू का नको, आनू का नको, असं बस निघेपर्यंत चाललं." तो हसला. मग त्याची नजर ताईला शोधत आत गेली, आणि ट्रक थांबला आहे म्हणून तो उठला.

तो वळणापर्यंत पोहोचायच्या आत आईनं चपला घातल्या होत्या. "चाल वं," ती मला म्हणाली. मार्चअखेरचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. आईनं भरदुपारी कोणाचं दार वाजवल्याचं मला आठवत नाही. ढोबळेकाकू झोपेतून उठून आल्या.

"ते गाठी?" त्या म्हणाल्या. "नातवानं खाल्ली नं वहिनी. तवाच."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. स्वतः कित्येकदा हेच उत्तर दिलेलं असल्यामुळं तिला ते ओळखता आलं. "काकू," ती म्हणाली, "कोनाले देल्ली तेवढं सांगा. मी नावं नाही ठेवत."

काकूंचे डोळे बारीक झाले. "काहून वं? काय होतं त्या गाठीत? सोनं-बिनं लपवलं होतं का?"

"नाही वो. काही नव्हतं."

"मंग उन्हाची काहून फिरून राहिली?" त्यांनी शेवटी सांगितलं, मागच्या गल्लीतल्या राऊतबाईंना दिली म्हणून, पण आम्ही निघालो तेव्हा त्याही चपला घालून मागे आल्या. राऊतबाईंनीही आधी गाठी खाल्ली गेल्याचंच सांगितलं. मग ढोबळेकाकूंना मागे उभं पाहून त्यांचा नाइलाज झाला. त्यांच्या घरचा पोरगा ज्यांच्याकडे शिकवणीला जायचा त्या मास्तरीणबाईंना त्यांनी ती दिली होती. "चांगली होती म्हनून देल्ली," त्या म्हणाल्या, आणि आईच्या पदराच्या गाठीकडे, हाताच्या मुठीकडे पाहू लागल्या. मग त्याही आल्या. अशी आमची वरात मास्तरीणबाईंच्या दारी पोहोचली तेव्हा आई घामानं भिजली होती आणि मागच्या दोघींचं हळू आवाजात चाललं होतं की एवढ्या उन्हात कोणी साखरेसाठी हिंडत नाही, नक्कीच कानातलं पडलं असणार.

मास्तरीणबाई एकट्या राहायच्या. चौघींना दारात पाहून त्या गोंधळल्या, पण आधी आत बोलावलं, सतरंजी टाकली. "बसा नं. ऊन केवढं हाये," असं म्हणत माठाशेजारच्या तपेल्यातून पेले भरून आणले. लिंबाचं सरबत. आईला बोलायचं होतं, पण घसा सुकला होता. तिनं एका दमात अर्धा पेला संपवला. मग ती थांबली. मीही प्यायले आणि मलाही लागलं. लिंबाच्या मागून संत्र्याचा वास येत होता, जिभेवर किंचित कडसर, आणि मग गोड. इतकं चांगलं सरबत मी त्याआधी प्यायले नव्हते.

"साखर संपली होती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "राऊतबाईनं गाठी देल्ली होती, तेच पान्यात घोळली आता. काहून? काही चुकलं का?"

आई पेल्याकडे पाहत बसली. ढोबळेकाकू तपेल्यात डोकावून तळाशी काही चमकतं का ते पाहत होत्या. "नाही," आई म्हणाली. "चांगलं झालं सरबत." आणि उरलेलं अर्धं तिनं घोट घोट करत संपवलं. थेंबही ठेवला नाही. परत येताना ती माझा हात धरून चालत होती, आणि मी बऱ्यापैकी मोठी झाले होते तरी तो मी सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांना आधी मधुकरच्याच बोलण्याची शंका आली, पण आई म्हणाली, "मी पिऊन पाह्यलं." मग ते बराच वेळ सायकलचं चाक पुसत बसले. शेवटी म्हणाले, "बाजारातून एक आनतो. हळदीच्या पान्यात बुडवली का होईन पिवळी. उंचावर असते गुढी, कोनाले दिसते?" आईनं हा विचार केला, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तेवढ्यात ताई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"असं कराचं नाही," ती म्हणाली. "तसं केलं त मीच लग्नाले नाही म्हनीन."

बाबांना कोणी असं बोलत नसे. ते चाक पुसत राहिले.

पाडव्याला सकाळी आमच्या दारात गुढी उभी राहिली. आईचं रेशमी पातळ, तांब्या, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं. गाठीची जागा रिकामी. शेजारच्या गुढ्या पाहिल्या की ती रिकामी जागा आणखीच दिसायची. बाई आल्या, सोबत मधुकर होता. फाटकातच थांबून त्यांनी मान वर केली आणि गुढीकडे पाहिलं, बराच वेळ. मग आईकडे. आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं पुढं केला नाही. आधी बोलली.

"बाई, मी तुमची गाठी देऊन टाकली. मले ते जुनी वाटली. ट्रंकेतली वाटली. तुमी पोरीचा अपमान केला असं म्या मनात धरलं." माझ्या आईनं कोणापुढं चूक कबूल केलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच ऐकली.

बाबा जमिनीकडे पाहत होते. ताई उंबऱ्याच्या आत उभी होती.

"कोनाले देल्ली?" बाईंनी विचारलं.

आईनं सगळं सांगितलं, ढोबळेकाकूंपासून सरबतापर्यंत.

"म्हंजे तुमी प्याल्या ते?"

"हो."

"कसं लागलं?"

"चांगलं लागलं."

"करपट नाही लागलं?"

"नाही."

"खरं सांगा."

"जरासं," आई म्हणाली. "मागून."

बाईंनी मान हलवली. मग त्या ओसरीवर टेकल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि आतून फडक्यात बांधलेली दुसरी गाठी काढली. ही फिकट केशरी होती, चकत्या एकसारख्या. "मले शंका होतीच," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावरूनच समजलं. म्हटलं, हे बाई आपली गाठी ठेवत नाही. मी असती त मीबी नसती ठेवली. घरी जाऊन दुसरी केली." आईनं तांब्या खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

बाईंनी ताईला हाक मारली. ताई येऊन पुढ्यात बसली. पण गाठी गळ्यात घालून घ्यायच्या आधी तिनं बाईंचा हात धरला. "मले एक विचाराचं हाये," ती म्हणाली. बाबांनी चमकून वर पाहिलं. "परीक्षेले बसू द्यान का मले? हे म्हनते, पन तुमी काय म्हनता ते मले मालूम नाही. इतके दिवस मले वाटून राहिलं का गाठी जुनी, म्हंजे तुमचं मन नाही." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या पंधरवड्यात आम्ही सगळ्यांना विचारलं होतं, फक्त ताईला तिची शंका काय आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. "पाक काहून बिघडला मालूम हाये?" त्या म्हणाल्या. "मधू म्हने, ते शिकनार हाये. मी चुलीपाशी बसली न् डोक्यात एकच. शिकली-सवरली पोरगी, उद्या नोकरी लागन, न् माह्या पोराले घेऊन नागपूरले निघून जाईन. तेवढ्यात पाक करपला." मधुकर पुढं आला, काही बोलणार होता, त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. "बसजो परीक्षेले. मी नाही म्हनत नाही. पन तू सांग, जाशीन का मले सोडून?"

आता काय बोलायचं हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. नाही म्हणायचं, वाकून नमस्कार करायचा. आईनं मागून ताईच्या पाठीला बोट लावलं.

"ते आत्ता कसं सांगू?" ताई म्हणाली. "जावं असं वाटत नाही. पन वचन देऊन ठेवलं न् नाही निभलं त?"

बाईंनी ताईचा चेहरा नीट, अगदी जवळून पाहिला. मग त्यांनी दोरा मोकळा केला.

"वाकव मान," त्या म्हणाल्या.

ताईनं मान वाकवली आणि गाठ बसेपर्यंतही तिला धीर धरवला नाही. सगळ्यांच्या देखत ती हुंदके देऊन रडली. बाबा तिथंच उभे होते, आई होती, मी होते. ती का रडते याबद्दल त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही शंका घ्यावीशी वाटली नाही.